सहावं वर्ष कुणाचं? १९७२ च्या विधानसभेची लांबलेली मुदत

संविधानाची प्रत उघडा आणि विधानसभांच्या मुदतीचा अनुच्छेद १७२ काढा. 'पाच वर्षे' या शब्दांभोवती चौकोनी कंस दिसेल, त्याच्या डोक्यावर बारीक आकडा आणि पानाच्या तळाशी दोन-तीन ओळींची टीप. मूळच्या 'पाच'चे ३ जानेवारी १९७७ पासून 'सहा' झाले आणि १९७९ मध्ये पुन्हा 'पाच' झाले, एवढंच ती सांगते. स्पर्धा परीक्षेची मुलं हे एका दमात पाठ करतात: बेचाळिसावी घटनादुरुस्ती, पाचाचे सहा; चव्वेचाळिसावी, सहाचे पाच. एक गुण पक्का, पुढचं पान.

मला त्या टिपेच्या मधल्या काळाचं कुतूहल आहे. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलेले आमदार सहाव्या वर्षीही सभागृहात बसले होते. ते कुणाच्या परवानगीने बसले आणि बसून त्यांनी काय केलं? हे पाहायला १९७२ च्या महाराष्ट्र विधानसभेसारखं प्रकरण नाही, कारण ते जादा वर्ष जवळजवळ पुरतं वापरलेल्या मोजक्या सभागृहांपैकी ती एक.

घड्याळ कुठून सुरू होतं

आधी एक तांत्रिक गोष्ट, कारण यावर भलेभले अडखळतात. विधानसभेची पाच वर्षं मतदानाच्या किंवा निकालाच्या दिवसापासून मोजत नाहीत. नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या तारखेपासून मोजतात. २०१९ आठवा. निकाल २४ ऑक्टोबरला लागला. मग मुख्यमंत्रिपदावरून जो घोळ झाला त्यात राष्ट्रपती राजवट येऊन गेली, पहाटेचा शपथविधी होऊन गेला आणि आमदारांना शपथ घ्यायला २७ नोव्हेंबर उजाडला. आधीच्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपली होती. या नव्या विधानसभेची संपली २६ नोव्हेंबर २०२४ ला. राजकारण्यांच्या भांडणाने राज्याचं घड्याळ अडीच आठवड्यांनी पुढे सरकलं, तेही कायद्याला कुठेही धक्का न लावता.

पाच वर्षं भरली की सभागृह आपोआप विसर्जित होतं, वेगळा आदेश लागत नाही. अपवाद एकच, तो परंतुकात, म्हणजे अनुच्छेदाला जोडलेल्या 'परंतु'ने सुरू होणाऱ्या पुरवणीत. आणीबाणी लागू असताना संसद कायदा करून मुदत वाढवू शकते, पण एका वेळी एकच वर्ष, आणि आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांच्या पलीकडे कधीच नाही. हे सहा महिने लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आणखी एक. आमदारांची मुदत बदलायची तर राज्याला विचारावं लागत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्य हे आपल्या राज्यघटनेत ठरवतं. बहुतेक ठिकाणी खालच्या सभागृहाची मुदत दोन वर्षांची आहे. आपल्याकडे ज्या तरतुदी बदलायला निम्म्या राज्यांची संमती लागते, त्यांच्या यादीत अनुच्छेद १७२ नाही. संसदेत विशेष बहुमत जमलं की भागलं. मुंबईत, लखनौत, चेन्नईत बसणाऱ्या आमदाराची नोकरी किती दिवसांची, हे दिल्ली ठरवते.

दोन वाटा, एक लहान, एक लांब

पाचवी लोकसभा मार्च १९७१ मध्ये बसली. म्हणजे १८ मार्च १९७६ ला तिची पाच वर्षं भरत होती. जून १९७५ पासून आणीबाणी होती, तेव्हा सरकारने आधी परंतुकाची वाट धरली. फेब्रुवारी १९७६ मध्ये कायद्याने एक वर्ष वाढवून घेतलं, नोव्हेंबरमध्ये आणखी एक. केरळच्या विधानसभेचंही तसंच. ती १९७० ला निवडलेली. तिची मुदत सहा-सहा महिन्यांनी ओढत १९७७ पर्यंत नेली.

या लोकसभेच्या मुदतवाढीला उत्तर आलं ते तुरुंगातून. मधू लिमये, मूळचे पुण्याचे, गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांची कोठडी भोगलेले, तेव्हा बिहारमधल्या बांकाचे खासदार होते आणि मध्य प्रदेशातल्या तुरुंगात स्थानबद्ध होते. पाच वर्षं भरताच त्यांनी राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. यात एक बारकावा आहे. दोघेही पोटनिवडणुकीतून आलेले. लिमये १९७३ मध्ये निवडून आले होते, यादव त्याहून नंतर. त्यांची स्वतःची पाच वर्षं भरायला अजून अवकाश होता. म्हणजे 'मला पाच वर्षांसाठी निवडून दिलंय' असं म्हणायला दोघांनाही जागा होती. त्यांनी सभागृहाची मुदत धरली, स्वतःची नाही. बाकीच्या विरोधकांत याची फारशी लागण झाली नाही, हेही खरं.

परंतुकाच्या वाटेला दावं बांधलेलं होतं. आणीबाणी उठली की सहा महिन्यांत खेळ खलास. दुसऱ्या वाटेला दावं नव्हतं, आणि ती होती बेचाळिसावी घटनादुरुस्ती. लोकसभेने ती २ नोव्हेंबर १९७६ ला मंजूर केली, राज्यसभेने ११ नोव्हेंबरला, राष्ट्रपतींची सही १८ डिसेंबरला झाली. तिच्या पसाऱ्यात दोन लहान कलमं होती: लोकसभेचे पाचाचे सहा, विधानसभांचे पाचाचे सहा. आणि हे नव्याने निवडून येणाऱ्यांपुरतं नव्हतं. ही कलमं अमलात आली त्या दिवशी जी सभागृहं अस्तित्वात होती त्यांनाही ते लागू झालं.

माझ्या मते सगळा दोष या शेवटच्या वाक्यात आहे. सहा वर्षांची मुदत ही काही स्वतःहून लोकशाहीविरोधी गोष्ट नाही. राज्यसभेचे आणि विधान परिषदेचे सदस्य सहा वर्षांसाठीच असतात, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात, त्यावर कुणी हरकत घेत नाही. पहिलं वर्ष खाती समजण्यात आणि शेवटचं घोषणा करण्यात जातं, म्हणून कामाला अवधी हवा, हा युक्तिवादही अगदी टाकाऊ नाही. पण मतदाराने पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवलेला असताना करारातला आकडा नंतर खोडून सहा करणं, हा सरळ शब्दांत लबाडीचा व्यवहार.

आणि इथे आमदारांचाही हात लागला. बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण, वनं असे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा यादीत नेले, त्यासाठी निम्म्या राज्यांची संमती आवश्यक होती. मग अख्खी दुरुस्ती विधिमंडळांपुढे गेली आणि निम्म्याहून जास्त विधिमंडळांनी तिला होकार दिला. आपले अधिकार कमी करणाऱ्या विधेयकासाठी हात वर करताना आमदारांना त्याच विधेयकात स्वतःचं सहावं वर्षही मिळत होतं.

ज्यांनी केलं त्यांना फळलं नाही

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी लोकसभाच विसर्जित करून टाकली. मुदत वाढवून घेतलेल्या त्या सभागृहाचं आयुष्य झालं पाच वर्षं दहा महिने. मार्चमध्ये निवडणूक झाली, उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही, जनता पक्षाचं सरकार आलं. सहा वर्षं पूर्ण भरलेली लोकसभा या देशाने पाहिलेलीच नाही. ती मुदत ज्यांच्या पदरात पडली त्या विधानसभा. त्या या गाडीत मागच्या सीटवर होत्या.

गृहमंत्री चरणसिंह यांनी १८ एप्रिल १९७७ ला नऊ काँग्रेसशासित राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र धाडलं: तुमच्यावर लोकांचा विश्वास उरलेला नाही, राज्यपालांना विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला द्या. सहा राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. सरन्यायाधीश बेग यांच्या सात जणांच्या पीठाने, ज्यात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, २९ एप्रिलला याचिका फेटाळल्या. कार्यकारी राष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी थोडा वेळ काढला, पण ३० एप्रिलला नऊही विधानसभा गेल्या.

लोकसभेत पक्ष हरला म्हणून विधानसभा बरखास्त करणं हा वाईट पायंडा होता आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्याची सव्याज परतफेड केली. पण मुदतीच्या अंगाने पाहिलं तर नऊ राज्यांचं प्रकरण एकसारखं नव्हतं. पश्चिम बंगाल, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, पंजाब, हरियाणा, हिमाचल या सातांच्या विधानसभा मार्च १९७२ च्या. मूळ हिशेबाने त्यांची पाच वर्षं मार्च १९७७ मध्येच सरली होती; चरणसिंहांनी काढून घेतलं ते बेचाळिसाव्याने दिलेलं वाढीव वर्ष. उत्तर प्रदेश आणि ओरिसाच्या विधानसभा मात्र १९७४ च्या. त्यांची मूळ मुदतही संपली नव्हती. दोघांना एकाच काठीने हाकलं. सातांबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. दोघांबद्दल वाटतं.

महाराष्ट्र सुटला

महाराष्ट्राची विधानसभाही मार्च १९७२ चीच, पण तिला नोटीस आली नाही. लोकसभेच्या ४८ पैकी २० जागा काँग्रेसने राखल्या होत्या. बहुमत नव्हे, पण उत्तरेसारखी धूळधाणही नव्हती. 'लोकांचा विश्वास गेला' हे वाक्य इथे नीट बसत नव्हतं. आंध्र प्रदेश, आसाम आणि मेघालय यांच्या १९७२ च्या विधानसभाही अशाच पुढे चालत राहिल्या. (गोवा तेव्हा केंद्रशासित होता. तिथल्या सभागृहाचा कारभार १९६३ च्या वेगळ्या कायद्याखाली चाले, आणि गोव्याने १९७७ मध्येच मतदान केलं.)

आता ते सहा महिने. आणीबाणीची शेवटची घोषणा २७ मार्च १९७७ ला मागे घेतली गेली. समजा सरकारने विधानसभांसाठीही फक्त परंतुक वापरलं असतं, तर महाराष्ट्राची विधानसभा फार तर सप्टेंबर १९७७ च्या अखेरपर्यंत टिकली असती. ती टिकली मार्च १९७८ च्या तोंडापर्यंत. आणीबाणी गेली, ती लादणारं सरकार गेलं, पंतप्रधान स्वतः रायबरेलीत पडल्या. आणीबाणीच्या संसदेने दिलेलं वर्ष तेवढं मुंबईत शिल्लक राहिलं.

त्या वर्षात काय घडलं? मे महिन्यात शंकरराव चव्हाण गेले, वसंतदादा पाटील आले. म्हणजे निवडणूक न होता मुख्यमंत्री बदलला, आणि वसंतदादा ज्या सभागृहाच्या बळावर आले त्याची मूळ मुदत दोन महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. इंदिरा गांधींचा गट एकीकडे, महाराष्ट्रातले बडे नेते बहुतेक दुसरीकडे. निवडणूक मार्च १९७७ मध्ये लोकसभेबरोबरच झाली असती तर काँग्रेस एकसंध राहून लढली असती. हरली असती की जिंकली असती, ते सांगायला मी ज्योतिषी नाही. पण २५ फेब्रुवारी १९७८ ला मतदान झालं तेव्हा दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. २८८ जागांत जनता ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. कुणालाच बहुमत नाही. मग दोन्ही काँग्रेसनी गळ्यात गळे घालून सरकार केलं, वसंतदादा मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि त्यांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार आलं. ते फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीने बरखास्त केलं. एका विधानसभेला सहा वर्षं मिळाली, तिच्या मागून आलेलीला दोनही धड नाहीत.

इथवर लिहून थांबलो असतो तर प्रकरण सोपं होतं. पण त्याच सहाव्या वर्षात, १९७७ च्या डिसेंबरात, या सभागृहाने रोजगार हमीचं विधेयक मंजूर केलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांतून उभी राहिलेली ही योजना, वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतलेला. त्या वर्षापर्यंत ती सरकारी ठरावांवर चालत होती. कायदा झाल्यावर मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही देता आलं तर बेकारी भत्ता, असा हक्क तयार झाला. २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने त्याचाच धागा धरला. मुदत उलटलेल्या सभागृहाने केलेला हा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या सर्वोत्तम कामांत मोडतो. नव्या विधानसभेनेही तो केला असता का? बहुधा हो, विरोध कुणाचाच नव्हता. तरी तो केला यांनी, आणि हे मला खोडता येत नाही.

परत पाचावर

जनता सरकारने चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मुदत परत पाचावर आणली. मे १९७८ मध्ये मांडलेलं विधेयक राज्यसभेत अडकलं, कारण तिथे काँग्रेसचं संख्याबळ होतं. राज्यसभेने त्यातली पाच कलमं उडवली. पण पाच वर्षांचं कलम त्यात नव्हतं. सहाव्या वर्षाची बाजू घ्यायला काँग्रेसमधूनही कुणी उभं राहिलं नाही, याला मी त्या वर्षाबद्दलचा खरा निकाल मानतो.

मुदत कमी करतानाही ती चालू सभागृहांना लागू केली. १९७७ ची लोकसभा सहा वर्षांच्या हिशेबाने निवडलेली होती. तिने स्वतःचं एक वर्ष कापून घेतलं. विधानसभांसाठी मसुदाकारांनी एक हुशारीची तरतूद ठेवली होती. कलम लागू होईल त्या दिवशी एखाद्या सभागृहाला चार वर्षं आठ महिन्यांहून जास्त काळ झाला असेल, तर त्याला आणखी चार महिने किंवा पहिल्या बैठकीपासून सहा वर्षं, यातलं जे आधी संपेल ते. मतदारयाद्या, केंद्रं, कर्मचारी यांची जुळवाजुळव करायला वेळ लागतो हे कुणीतरी ध्यानात ठेवलं होतं. वाढवताना मतदाराचा विचार नाही, कमी करताना निवडणूक यंत्रणेचाही विचार.

जिथे सहाच राहिले

जम्मू-काश्मीरला स्वतःची राज्यघटना होती. तिथे मुदत सहा वर्षांची झाली आणि चव्वेचाळिसाव्याने ती हलली नाही. थेट २०१९ मध्ये केंद्रशासित झाल्यावर पाच झाली. म्हणजे चार दशकं देशात एका ठिकाणी हा प्रयोग चालूच होता, आणि सहा वर्षांत स्थैर्य येतं या दाव्याची परीक्षा तिथे घेता येते. १९८३ ची विधानसभा: एका वर्षात फारूक अब्दुल्लांना पाडलं, १९८६ मध्ये राज्यपाल राजवट. १९८७ ची: १९९० मध्ये बरखास्त. २०१४ ची: २०१८ मध्ये बरखास्त. १९९६ ची आणि २००८ ची मात्र सहा वर्षं नीट चालली. २००२ मध्ये तर सहाला दोनने भाग जातो याचाच फायदा घेतला: तीन वर्षं मुफ्ती मोहम्मद सईद, तीन वर्षं गुलाम नबी आझाद. आझादांच्या तिसऱ्या वर्षी, जुलै २००८ मध्ये, तेही सरकार कोसळलं. काश्मीरचं सगळंच वेगळं, हे मान्य करूनही, मुदत लांबवली म्हणून सरकार टिकतं असं तिथल्या नोंदींवरून म्हणता येत नाही.

कागदावर आकडा न बदलताही मुदतीशी खेळता येतो, हे सांगायला मुंबईकराला आणीबाणीपर्यंत जायची गरज नाही. महापालिकांची मुदत संविधानानेच पाच वर्षं ठरवली आहे, त्यापेक्षा जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असंही लिहिलं आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक रखडली आणि पुढची साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. नगरसेवकांना सहावं वर्ष मिळालं नाही, मतदारांना मात्र नगरसेवकच मिळाले नाहीत.

पुढचा बदल

१७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, एकत्रित निवडणुकांचं. मांडण्यावरच मतदान झालं: बाजूने २६९, विरोधात १९८. त्यात मुदत पाच वर्षांचीच आहे, पण ठरावीक तारखेनंतर निवडलेली प्रत्येक विधानसभा लोकसभेबरोबर उठेल. मध्येच विसर्जन झालं तर नव्या सभागृहाला फक्त उरलेली मुदत. राज्यांची संमती याही वेळी लागणार नाही, असं रामनाथ कोविंद समितीने विधानसभांपुरतं सांगून ठेवलं आहे.

ती तारीख २०२९ च्या लोकसभेपासून धरली तर २०३२ मध्ये निवडलेली उत्तर प्रदेशची विधानसभा दोन वर्षं चालेल. केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगालच्या २०३१ च्या विधानसभा तीन वर्षं. मतदाराला हे मत देण्याआधीच ठाऊक असेल. १९७२ च्या मतदाराला सहाव्या वर्षाचा पत्ता नव्हता, आणि माझ्या लेखी हा फरक मोठा आहे. दोन वर्षांच्या आमदाराकडून लोकांनी काय अपेक्षा ठेवायची, ही अडचण मात्र राहतेच. महाराष्ट्राचं त्यामानाने थोडक्यात निभावेल. सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे पुढची बसेल २०२९ च्या अखेरीस आणि उठेल २०३४ च्या मध्यावर, साधारण साडेचार वर्षांनी.